मोठ्या बाईंच्या तोंडचा घास

तीर्थरूप ताईस,

गुडघ्यांना झेपेल तेवढं वाकून नमस्कार. (उरलेला नमस्कार मनातल्या मनात पूर्ण केला आहे, तो धरून घ्यावा.)

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. पहिल्या ओळीत तू खुशाल आहेस, दुसऱ्या ओळीत तुमच्या इमारतीची लिफ्ट खुशाल नाही, तिसऱ्या ओळीत मी स्वेटर घालतो की नाही, आणि चौथ्या ओळीत 'घोडी कशी आहे?' संपलं पत्र. तू लहानपणापासून अशीच. निबंधाला दहा ओळी सांगितल्या की तू सहा लिहायचीस आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन यायचीस. मी चार पानं लिहायचो आणि गुरुजी खाली तांबड्या शाईत लिहायचे, 'विषयावर ये.' पंच्याहत्तरीला टेकलो तरी मी अजून विषयावर येतोच आहे. तेव्हा तुझ्या चौथ्या ओळीचं उत्तर देतो, पण चहा घेऊन बस. तुझा डावा गुडघा कसा आहे? लिफ्ट बंद असताना चार जिने उतरून तू दूध आणतेस, हे आम्हाला तुझ्या शेजारणीकडून कळलं. तू लिहिलं नव्हतंस. असो.

तर विषय. सूनबाई घरामागच्या कुरणात सहा घोडे ठेवते आणि लोकांना घोडेस्वारी शिकवते, हे तू जाणतेसच. (चिरंजीव लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात. नवऱ्याने माणसं वर न्यायची आणि बायकोने ती खाली पडू नयेत हे बघायचं, असा हा संसार आहे.) सूनबाईच्या वहीत घोड्यांची काही नावं आहेत, पण ती घोड्यांना माहीत नसावीत. मी ठेवलेली नावं चालतात. काळा दांडगट तो मॉनिटर. दोन बुटकी तट्टं एकमेकांना क्षणभर सोडत नाहीत, ती दोघं मिळून जोडाक्षर. सदा पलीकडच्या कुंपणाकडे तोंड करून उभा असतो तो गैरहजर. दाराची कडी वाजली की सगळ्यांच्या आधी धावत येतो तो शिपाई. आणि सहावी ती आपली पांढरी, अठ्ठावीस वर्षांची, एक कान मागे टाकून सगळ्यांवर नजर ठेवणारी: मोठ्या बाई. आपल्या शाळेत मोठ्या बाई नुसत्या दारात येऊन उभ्या राहिल्या की वर्ग चिडीचूप व्हायचा ना, तसे ही आली की बाकीचे घोडे बाजूला होतात. (हल्ली मॉनिटर होत नाही. पण मी सगळ्यांना होतो असंच सांगतो.)

या वर्षी गवताची कापणी निम्मीच झाली. शेडमध्ये दरवर्षी छतापर्यंत वाळल्या गवताच्या गाठी रचलेल्या असतात, यंदा माझ्या खांद्याच्या वर एक गाठ नव्हती. सूनबाईने हिशेब मांडला की कुरणात नवं गवत उगवायला अडीच महिने आहेत आणि गाठी दोन महिन्यांच्या आहेत. मग ती वजनकाटा घेऊन कुरणात गेली. (ती प्रत्येक गोष्ट मोजते. माझ्या गोळ्यासुद्धा.) सकाळी साठ किलो गवत जमिनीवर टाकलं, संध्याकाळी चिखलात तुडवलेलं, लिदीत मिसळलेलं, अंगाखाली घेऊन झोपलेलं असं सगळं गोळा करून मोजलं, ते भरलं वीस किलो. तिसरा हिस्सा वाया. जेवणाच्या टेबलावर तिने अगदी शांतपणे सांगितलं की महिन्याभरात हे वीसचे दहा झाले नाहीत तर एक तोंड कमी करावं लागेल. आणि पाठीवर माणूस बसवत नाही असं तोंड एकच आहे. दोन तासांच्या रस्त्यावर एक बागवाला म्हातारे घोडे सांभाळतो. भला माणूस आहे म्हणे. असेलही. पण ताई, त्याला काय ठाऊक, की हिला डावा कान खाजवलेला चालतो आणि उजवा चालत नाही? मी भाजीचा घास हातात धरून म्हटलं, गवताचं काम आजपासून माझ्याकडे. चिरंजीवांनी वर पाहिलं, सूनबाईने खाली पाहिलं. मी आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले. माझ्या हातून आजवर एक वेलांटी वाया गेली नाही, तर गवत कसं जाईल, असं मी त्यांना विचारलं. दोघांनीही पुन्हा भाजी वाढून घेतली. मोठ्यांचा मान राखणारी मुलं आहेत.

मला त्या दिवशी दुपारभर आपला तबेला आठवत होता. अण्णांची दुधाची गाडी, तिच्या मागे हिंदकळणाऱ्या किटल्या, आणि परत आल्यावर तोंडाला तोबरा बांधून डोळे मिटून उभा असलेला तांबड्या. गव्हाणीत गवत घालायचं काम खरं माझं होतं, करायचीस तू. मी गवताच्या गंजीत पाय पसरून मराठीचं पुस्तक वाचायचो. चौथीच्या पुस्तकात घोड्याची एक कविता होती बघ, त्यातल्या या ओळी अजून माझ्या जिभेवर आहेत:

सोनसकाळी हिरव्या माळी
वारू माझा मुक्त चरे

मी ती मोठ्याने म्हणायचो आणि तू झाडू हातात घेऊन मला सांगायचीस की कवितेतल्या घोड्याला लीद नसते, आपल्या घोड्याला असते, पाय वर घे. तू गव्हाणीत चार मुठी घालायचीस, त्या संपल्या की पुन्हा चार, आणि खाली पडलेली काडीन्‌काडी वेचून वर टाकायचीस. मी एकदा तांबड्यापुढे अख्खी पेंढी सोडून टाकली होती तेव्हा अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, गवत जमिनीवर पडलं की त्याचं अंथरूण होतं, आणि अंथरूण कुणी खात नाही. केवढं शहाणपण होतं त्यात! पण मी त्या वेळी चौथ्या कडव्यात होतो.

त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी कवितेच्या बाजूने गेलो आणि आपटलो. मुक्त चरे म्हणजे मुक्तच, म्हणून मी गवत मोकळं करून सहा घोड्यांचे सहा ढीग केले; दोन ढिगांमधलं अंतर एका कडव्याचं, चालता चालता म्हणायचं आणि कडवं संपलं की थांबायचं. पण कडवी काही सारख्या लांबीची नसतात आणि मला मधल्या ओळी विसरायला होतात. जिथे अडलो तिथे ढीग पडला. तीन ढीग नाकाला नाक लावून बसले, एक पार कुंपणापाशी गेला. मॉनिटरने मग काय केलं, तर एका ढिगावर दोन घास खायचे, शेजारच्याला हाकलायचं, त्याच्या ढिगावर दोन घास, पुन्हा पुढे. संगीतखुर्चीच, फक्त खुर्च्या पायदळी. संध्याकाळी काट्यावर तेवीस किलो आले. सूनबाईने स्वयंपाकघरातल्या फळ्यावर नुसता आकडा लिहिला. ढीग नेहमी घोड्यांपेक्षा एकदोन जास्त ठेवायचे आणि लांब लांब ठेवायचे, म्हणजे हाकललेल्याला जायला जागा राहते, हे तिने दुसऱ्या दिवशी मला इतक्या अदबीने सांगितलं, की मला ते आपणच शोधून काढलं असं तीन दिवस वाटत होतं. कविता सोडली आणि पावलं मोजली. आकडा सतरावर आला.

मग वारा सुटला. मोकळ्या गवताला वारा लागला की काय होतं हे मला माहीत होतं (कवितेत ते डोलतं), पण शेजारच्या शिंपीणबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी एका लग्नाचे शिवून धुतलेले अकरा पांढरे सदरे दोरीवर घातले होते. त्या कुंपणापाशी आल्या आणि मला म्हणाल्या की आजोबा, तुमच्या घोड्यांना माझ्याकडे जेवायला पाठवलंत तरी चालेल, पण आधी कळवत जा. दोन तास मी सदऱ्यांमधून काड्या वेचत होतो. वेचताना सारखं वाटत होतं की तू मागे उभी आहेस.

त्यानंतर मी शहाणा झालो. गवत जमिनीवर टाकायचंच नाही! चिरंजीवांच्या कामावरून मी एक मोठं लाकडी खोकं मागवून घेतलं, लिफ्टचं यंत्र ज्यात येतं ते. ते चार विटांवर उचलून ठेवलं, तळाला पाणी जायला भोकं पाडली, आणि वरून जाळी. जाळी मी माझ्या खाटेच्या नवारीची विणली. (खाट आता नाही. मी जमिनीवर झोपतो. पाठीला फार चांगलं असतं, असं मी सूनबाईला सांगितलं आहे.) जाळीची भोकं आधी मी ऐसपैस ठेवली होती, त्यातून जोडाक्षरातल्या एका तट्टाने अख्खं डोकं घातलं आणि दुसऱ्याने, आपला जोडीदार कुठे गेला म्हणून, चारही पायांनी आत चढाई केली. आतलं एक आणि बाहेरचं एक असं ते जोडाक्षर मोडून काढायला तासभर लागला. सूनबाईने भोकांचं माप माझ्या मुठीवर आणलं, दोरी इतकी आवळून घेतली की खूर अडकणार नाही, आणि दमलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "बाबा, त्यांना जेवायला द्यायचंय, पकडायचं नाहीये." पण ताई, जाळी लागू पडली. बारीक भोकांतून चिमूटभरच गवत येतं, म्हणून घोडा ते ओढून फेकत नाही, हळूहळू खातो, दिवसभर खातो, आणि जनावरांना तेच हवं असतं. अशी तीन खोकी झाली. मोठ्या बाईंना मॉनिटरचा जाच नको म्हणून त्यांची वेगळी जाळी माझ्या खिडकीसमोरच्या खांबाला. फळ्यावर चौदा लागले, मग बारा, मग अकरा. बोर्डाचा निकाल बघायला जावं तसा मी रोज स्वयंपाकघरात जात होतो.

अकराच्या खाली आकडा हलेना, आणि का हलत नाही ते फक्त मला दिसत होतं. मोठ्या बाईंच्या जाळीखाली गवत पडत नव्हतं, बोळे पडत होते. कबुतराच्या अंड्याएवढे, ओले, चावून चावून तोंडातून सोडून दिलेले गवताचे बोळे. घास घ्यायचा, तोंडात बराच वेळ घोळवायचा आणि मग मान खाली करून, कुणी बघत नाहीसं पाहून, टाकून द्यायचा. दिवसाला दीड किलो. म्हणजे जिला वाचवायला हे सगळं चाललं होतं, तीच आकडा दहाच्या वर अडवून धरत होती. हे मी सूनबाईला कसं सांगणार होतो? उद्याच बागवाल्याला फोन गेला असता.

म्हणून मी ते बोळे वेचून कोटाच्या खिशात घालायला लागलो. (वेचायची कला तुझी. उपयोग माझा.) आकडा साडेनऊवर आला. सूनबाईने फळ्यावर त्याच्याभोवती गोल काढला, चिरंजीवांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. उकिरड्यावर टाकावेत तर सूनबाईची नजर तिथे असते. तेव्हा मी ते माझ्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत भरत गेलो, शाळेच्या जुन्या पुस्तकांवर. आणि ताई, खोटं कशाला बोलू, दुपारी पेटी उघडली की आपल्या तबेल्याचा वास यायचा. तोच, तांबड्याच्या तोंडाचा, ओल्या गवताचा आणि जुन्या कागदाचा. मी डोळे मिटून बसायचो. अण्णा किटल्या उतरवतायत, तू झाडतेयस, आई आतून हाक मारतेय. चौदा दिवस मी एका गुन्ह्यावर डोकं ठेवून इतका सुखात होतो की काय सांगू.

पंधराव्या दिवशी सूनबाई माझ्या खोलीत चादरी बदलायला आली आणि वास घेत घेत पेटीपाशी गेली. तिने झाकणावर हात ठेवला. ओलं गवत कोंडून ठेवलं की तापतं, हे मी विसरलो होतो. पेटी गरम होती.

"बाबा, यात काय आहे?"

"कविता आहेत," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

तिने झाकण उघडलं. वाफ आली. मी तोपर्यंत बचावाची तीन वाक्यं जुळवली होती, पण ती रागावलीच नाही. एक बोळा उचलून तिने बोटांनी उकलला, नीट पाहिला, आणि तडक बाहेर गेली. मी मागोमाग. मोठ्या बाईंपाशी जाऊन तिने त्या दाट हिवाळी केसांच्या आत हात घातला आणि माझा हात धरून तिथे ठेवला. बरगड्या, ताई. वरून सगळं गुबगुबीत दिसत होतं आणि आत एकेक बरगडी हाताला लागत होती.

"ती टाकत नव्हती, बाबा. तिला चावता येत नव्हतं. तुम्ही मला दाखवलं असतं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. ती उपाशी राहत होती."

एक खिळाही न सांडता आयुष्य गेलं असं समजणारा मी, आणि माझ्या खिडकीसमोर म्हातारी दोन आठवडे उपाशी. आणि मी तिच्या तोंडून पडलेले घास लपवून वर शाबासकी घेत होतो.

जनावरांचे डॉक्टर त्याच दिवशी आले. त्यांनी तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि सांगितलं की मागच्या दाढांतल्या तीन गेल्या आहेत, एकीला टोक आलं होतं ते घासून दिलं. आता हिला लांब काडीचं गवत नको. बारीक कापून कोमट पाण्यात भिजवून, खिमट करून, टबात द्या, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. ते दिलं. ताई, तिने तो टब असा चाटला की तळाचा कारखान्याचा शिक्का दिसायला लागला. एक कण राहिला नाही. सूनबाईने सवयीने टबाखाली काटा लावला आणि फळ्यावर मोठ्या बाईंच्या नावापुढे शून्य लिहिलं. बाकीच्या पाच जणांचे मिळून साडेनऊ किलो. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली की बागवाल्याला फोन करायची काही गरज नाही. मी खोलीत जाऊन पुस्तकं उन्हात वाळत घातली. चौथीच्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली आहेत. उघडायला गेलो तर फाटतात, म्हणून तशीच ठेवली.

आज नऊ दिवस झाले. काल हात घालून पाहिला, बरगड्या थोड्या आत गेल्या आहेत. तेव्हा तुझ्या चौथ्या ओळीचं उत्तर: घोडी बरी आहे. विषय संपला. तिसऱ्या ओळीचं उत्तर: स्वेटर घालतो, कारण कोट धुवायला गेला आहे.

भाऊजींच्या फोटोला माझा नमस्कार सांग. लिफ्ट सुरू होईपर्यंत जिना उतरताना कठडा धर. तुझ्या धाकट्याचे, जो अजून विषयावर येतोच आहे, अनेक नमस्कार.

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. खिमटाची पहिली पाळी पहाटे पाचला असते. कोमट पाणी, बारीक काप, मूठमूठभर देणं आणि सांडलेलं वेचून परत टबात टाकणं, हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. मी आठच्या आधी उठत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. सूनबाई बिचारी दिवसभर राबते. हे पहाटेचं जमलं नाही तर मोठ्या बाईंचं पुन्हा अवघड होईल. म्हणून मी घरात सांगून टाकलं आहे की या कामातलं एक फार अनुभवी माणूस माझ्या माहितीत आहे आणि ते महिनाअखेरीपर्यंत येतंय. खालची पूर्वेकडची खोली रिकामी आहे. एकही जिना नाही. कामासाठी बोलावतोय, ताई, नाहीतर तुला त्रास दिला नसता.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी सूनबाईने पत्र वाचलं. (तिला सांगितलं होतं वाचू नकोस, म्हणूनच वाचलं.) पहाटेचा टब तीच देते, नऊही दिवस तिनेच दिला, आणि पुढेही देणार आहे, तिला पाचला उठायची सवय आहे. मोठ्या बाईंचं काहीही अवघड होणार नाही. ती म्हणते आत्यांना कामाचं खोटं निमित्त सांगू नका, नुसतं 'या' म्हणा. मी म्हटलं, नुसतं म्हटलं तर ती यायची नाही. भाऊजी गेल्यापासून तीन वर्षं मी निमित्तच शोधतोय, आणि आमच्या घरात कामाशिवाय कुणी कुणाकडे जात नसे. ती म्हणाली, मग एकदा म्हणून तर बघा.

ताई, नुसती ये.